दीड लाख किलोमीटर चाललेलं इंजिन: ऑइल आणि कूलंटची गळती शोधायची कशी, थांबवायची कशी

गाडी लाख-दीड लाख किलोमीटर फिरली की इंजिनाभोवतीचं रबर कडक होतं, प्लास्टिक ठिसूळ होतं आणि पार्किंगच्या फरशीवर डाग दिसू लागतो. साध्या नायट्राइल रबराचं ऑइल सील वर्षानुवर्षं शंभर अंशांच्या आसपास भाजत राहिलं की त्याची पातळ कड शाफ्टला बिलगून राहत नाही. ऑइल तिथून वाट काढतं. वयाचा भाग म्हणून एवढं समजून घेता येतं. खिसा रिकामा होतो तो चुकीचा भाग बदलल्यामुळे. गिअरबॉक्स उतरवून क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य शाफ्टचं) मागचं सील बदलायचं आणि आठवड्याने कळायचं, की ऑइल वरच्या टॅपेट कव्हरमधून ओघळून तिथवर येत होतं, हा प्रकार गॅरेजांमध्ये नवा नाही.

थेंब जिथे पडतो तिथे बहुतेकदा गळती नसते. ऑइल उतारावरून खाली येतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकतं. त्यामुळे शोध नेहमी सर्वांत वरच्या ओल्या जागेचा घ्यायचा.

डाग कशाचा आहे?

रात्री गाडी लावताना इंजिनाखाली पांढरा पुठ्ठा सरकवा. पुठ्ठ्यावर पुढच्या दोन्ही चाकांच्या जागा पेनाने आखून ठेवा, म्हणजे सकाळी डाग नेमका कशाखाली पडला हे कळतं. तपकिरी ते काळा आणि बोटाला चिकटणारा डाग इंजिन ऑइलचा. दाट, पिवळसर आणि गंधकासारखा उग्र वास असलेला गिअर ऑइलचा. लालसर पातळ असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा जुन्या हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंगचं ऑइल. हिरवा, गुलाबी, निळा किंवा नारिंगी, बोटाला किंचित बुळबुळीत लागणारा आणि गोडसर वासाचा डाग कूलंटचा. त्याची चव घेऊन बघायची सवय काहींना असते. ती सोडा, एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. कुत्र्या-मांजरांना त्याच्या गोडीची ओढ असते, म्हणून सांडलेलं कूलंट लगेच भरपूर पाण्याने धुवून टाका.

डाव्या बाजूला निव्वळ पाणी ठिबकत असेल आणि एसी चालू होता, तर ते एसीचं पाणी आहे, चिंता नको. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, फिकट पिवळा आणि तेलकट डाग दिसला तर मात्र तो ब्रेक ऑइलचा असू शकतो. तशी गाडी चालवत गॅरेजला न्यायची नाही.

किती जातंय?

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, ऑइल मोजायची दांडी (डिपस्टिक) पुसून परत घाला आणि मग वाचा. छोट्या गाड्यांत दांडीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण पाऊण ते एक लिटरचा फरक असतो. दर ५०० किलोमीटरला किलोमीटरचा आकडा आणि पातळी वहीत लिहा. अशा दोन-तीन नोंदी झाल्या की अंदाज लावत बसावं लागत नाही.

थेंबांचा हिशेब दिसतो त्यापेक्षा मोठा निघतो. इंजिन चालू असताना दहा सेकंदांना एक थेंब, म्हणजे तासाला ३६०. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर तासाला १८ मिलिलिटर. शहरात ताशी २५ किलोमीटरच्या सरासरीने हजार किलोमीटरला ४० तास लागतात, म्हणजे ७२० मिलिलिटर ऑइल गेलं. तीन-साडेतीन लिटर ऑइल मावणाऱ्या इंजिनात हे प्रमाण छोटं नाही. उलट कव्हरच्या कडेला नुसती ओल येते, धूळ चिकटते, पण दांडीवर महिनाभर फरक पडत नाही, अशी गाडी तशीच चालवत राहायला हरकत नाही. पुढच्या सर्व्हिसला त्या कव्हरचं पॅकिंग (गॅस्केट) बदलून घ्या.

दांडी उतरते आहे पण खाली एकही थेंब नाही, तर ऑइल आत जळतंय. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना क्षणभर निळसर धूर आला तर व्हॉल्व्ह सील, घाट चढताना सतत निळा धूर राहिला तर पिस्टनच्या रिंग. टर्बो डिझेलमध्ये टर्बोचं सीलही बघा. ही वेगळी दुखणी आहेत, बाहेरून पॅकिंग बदलून ती जात नाहीत.

ताबडतोब हात घालायच्या गळत्या तीन: गरम एक्झॉस्टवर पडणारं ऑइल, कारण जळका वास येतो आणि आगीचा धोका असतो. टायमिंग बेल्टवर पडणारं ऑइल. आणि कुठलीही कूलंटची गळती, कारण आज थेंब असलेली उद्या भर उन्हात धार होऊ शकते.

आधी धुवा, मग शोधा

वर्षानुवर्षांचा काळा थर असलेल्या इंजिनात गळती दिसत नाही, फक्त सगळं ओलं दिसतं. डिझेलचा फवारा मारून इंजिन धुण्याची पद्धत स्वस्त आहे, पण डिझेलने होज पाइप, बेल्ट आणि इंजिन माउंटिंगचं रबर फुगतं आणि मऊ पडतं. पाण्यात मिसळणारा डिग्रीझर घ्या. इंजिन कोमट असू द्या. अल्टरनेटर, इग्निशन कॉइल, फ्यूज बॉक्स आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधा. ब्रशने घासा, हलक्या धारेने धुवा आणि पूर्ण सुकू द्या. प्रेशर वॉशरची धार सेन्सरच्या कनेक्टरवर गेली तर ऑइलची गळती राहील बाजूला आणि चेक इंजिनचा दिवा हाताळत बसाल.

सुकलेल्या इंजिनाच्या संशयित जोडांवर पफने टाल्कम पावडर थापा, बेल्ट आणि अल्टरनेटर टाळून. पंधरा मिनिटं इंजिन चालवा, मग दहा-बारा किलोमीटरची फेरी मारा. पांढऱ्या पावडरवर गळतीची काळी रेघ स्पष्ट उमटते आणि रेघेचं वरचं टोक म्हणजे उगम. एवढ्यावर सापडलं नाही तर अल्ट्राव्हायोलेट डाय वापरा: बाटलीवरच्या प्रमाणात ऑइलमध्ये टाका, शंभर किलोमीटर चालवा आणि अंधारात त्या खास टॉर्चने बघा. ऑइलचा आणि कूलंटचा डाय वेगळा असतो, अदलाबदल करू नका.

पॅकिंगच्या आधी पीसीव्ही

नवं पॅकिंग बसवलं आणि तीन महिन्यांत पुन्हा ओल आली, तर पॅकिंगला शिव्या देण्याआधी क्रँककेसमधला (क्रँकभोवतीच्या बंद पोकळीतला) दाब तपासा. रिंगजवळून थोडा गॅस नेहमीच खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) निसटतो. तो पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व्हमधून परत इनटेककडे ओढला जातो. हा व्हॉल्व्ह काजळीने तुंबला की आत दाब साठतो आणि मिळेल त्या सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. म्हणून एकाच वेळी तीन-चार ठिकाणी गळती सुरू झाली असेल, तर मूळ कारण बहुधा हेच असतं.

पेट्रोल गाडीत तपासणी दोन मिनिटांची आहे. इंजिन आयडलवर ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी धरा. ती हलकेच आत ओढली गेली तर ठीक, फुग्यासारखी वर आली तर दाब आहे. व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवा, आतला तुकडा खडखडला पाहिजे. मुका असेल तर बदला. हा इंजिनातल्या सर्वांत स्वस्त भागांपैकी एक आहे. त्याची नळीही दाबून बघा, कडक झाली किंवा चिरली असेल तर तीही बदला.

टर्बो डिझेलमध्ये असा सुटा व्हॉल्व्ह बहुधा नसतो, ऑइल गाळणारा सेपरेटर आणि ब्रीदर पाइप असतो. तिथे झाकण काढल्यावर थोडी वाफ दिसणं स्वाभाविक आहे. पण झाकण तोंडावर उलटं ठेवलं आणि ते नाचत उडून पडलं, तर आधी ब्रीदर साफ करा. तरीही उडत असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. रिंग गेलेल्या इंजिनात कितीही सील बदलली तरी ती टिकणार नाहीत.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग

घरी जमण्यासारखं आणि सर्वांत जास्त वेळा लागणारं काम हेच. ज्या पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग टॅपेट कव्हरच्या मधल्या विहिरींत खोल बसतात, उदाहरणार्थ स्विफ्ट-वॅगनआरमधली मारुतीची के-सिरीज, तिथे बाहेरच्या कडेइतकीच प्लगभोवतीची गोल सीलंही महत्त्वाची. ती गेली की ऑइल विहिरीत साठतं, कॉइलचं रबर फुगतं, ठिणगी भरकटते आणि इंजिन झटके देतं. कॉइल काढल्यावर तिचं खालचं रबर ऑइलने माखलेलं निघालं तर निदान झालंच.

लागणारं सामान: १० नंबरची गोटी (सॉकेट), छोटा टॉर्क रेंच, प्लास्टिकची खरवडणी, ब्रेक क्लीनर, प्लगच्या सीलांसह पॅकिंगचा पूर्ण संच आणि ‘सेन्सर सेफ’ लिहिलेला सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन घेऊ नका, त्याची आम्लाची वाफ धातूला आणि सेन्सरला बाधते.

इंजिन पूर्ण थंड करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. कॉइल काढण्याआधी कनेक्टरवर क्रमांक लिहा. प्लग लगेच काढू नका: विहिरीत ऑइल असेल तर ते आधी कपड्याने टिपून घ्या, नाहीतर सगळं सिलिंडरमध्ये जाईल. कव्हरचे बोल्ट बाहेरून मध्याकडे, थोडे थोडे करत सैल करा. कव्हर अडकलं तर पेचकस घालून उचकटू नका. ॲल्युमिनियमच्या फेसवर (सपाट पृष्ठभागावर) एक ओरखडा पडला की नवं पॅकिंगही तिथूनच गळणार. रबरी हातोडीने कडेला टिचक्या मारा.

जुनं पॅकिंग बोटात वाकवून बघा. वाळलेल्या चामड्यासारखं मोडलं तर गळती का होती ते सांगायला नको. खाचेतले तुकडे आणि खालच्या सिलिंडर हेडचा फेस प्लास्टिकच्या खरवडणीने साफ करा. सँडपेपर वापरू नका, त्याची पूड कॅमशाफ्टवर पडते. शेवटी ब्रेक क्लीनर लावलेल्या फडक्याने पुसा. ऑइलचं बोटसुद्धा लागता कामा नये.

आता नेमकी चूक होते ती जागा. टायमिंग चेनचं कव्हर जिथे हेडला भिडतं तिथे दोन्ही बाजूंना एक बारीक शिवण असते. फक्त त्या दोन ठिकाणी सिलिकॉनचा मुगाएवढा, दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका हवा. बाकी सगळं रबरी पॅकिंग कोरडं बसवायचं. पूर्ण कडेला सिलिकॉनची वळकटी घालणारे हात पुष्कळ. जास्तीचा सिलिकॉन आत पिळला जातो, तुटून चेंबरमध्ये पडतो आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. गळती थांबली, पण इंजिन उपाशी राहिलं.

ठिपका दिल्यावर पाच-दहा मिनिटांत कव्हर बसवा. बोल्ट मध्यापासून बाहेर, दोन फेऱ्यांत आवळा. छोट्या पेट्रोल इंजिनात हा टॉर्क साधारण ८ ते ११ न्यूटन-मीटर असतो, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. हा मनगटाचा जोर आहे, दंडाचा नव्हे. जास्त आवळलं की प्लास्टिकचं कव्हर वाकतं आणि दोन बोल्टांच्या मधे फट पडते. मग अजून आवळायचा मोह होतो आणि हेडमधले आटे जातात. सिलिकॉनच्या ट्यूबवर लिहिलेला वेळ पाळा. पूर्ण सुकायला बहुधा २४ तास लागतात.

ऑइलच्या बाकीच्या जागा

ऑइल प्रेशर स्विच: ब्लॉकमध्ये आटे देऊन बसवलेला, अंगठ्याएवढा. त्याच्या प्लास्टिकमधून ऑइल पाझरतं आणि वायरच्या कनेक्टरमध्ये ऑइल सापडतं. स्वस्त भाग, अर्ध्या तासाचं काम, तरी शेवटपर्यंत कुणी बघत नाही.

ऑइल फिल्टर: सर्व्हिसनंतर लगेच धार लागली तर जुन्या फिल्टरची रबरी रिंग ब्लॉकलाच चिकटून राहिली असेल. दोन रिंगा एकावर एक कधीच धरत नाहीत. नव्या रिंगेला ऑइल लावा, फिल्टर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा द्या, पाना लावू नका.

ड्रेन बोल्ट: दर ऑइल बदलाला तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर नवा. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेले असतील तर टेफ्लॉन टेप गुंडाळून वेळ मारू नका, लेथवाल्याकडून हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवून घ्या.

चेंबर आणि चेन कव्हर बऱ्याच आधुनिक इंजिनांत कागदी पॅकिंगऐवजी सिलिकॉनवरच बसतात. तिथे मात्र सलग वळकटी लागते, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. खड्ड्यात आपटून चेंबरची कड वाकली असेल तर सपाट पट्टी धरून तपासा आणि आधी सरळ करा.

क्रँकचं पुढचं सील पुली काढून बदलता येतं. सील काढल्यावर शाफ्टवर नखाला लागेल अशी गोल चरी दिसली तर नवं सीलही तिथे गळेल. ते पुस्तकातल्या खोलीपेक्षा एखादा मिलिमीटर अलीकडे-पलीकडे बसवता येत असेल तर तसं करा, नाहीतर शाफ्टवर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवा. नव्या सीलच्या कडेला ऑइल लावूनच बसवा, कोरडी कड पहिल्या मिनिटात भाजते.

मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्याआधी बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) तळाशी साठलेलं ऑइल वास घेऊन ओळखा. गंधकाचा वास असेल तर दोष गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलचा. गिअरबॉक्स एकदा खाली आलाच, तर दोन्ही सीलं आणि क्लच एकदमच बघून घ्या. मजुरी दुसऱ्यांदा देण्यात अर्थ नाही. ऑइलने भिजलेली क्लच प्लेट धुवून परत लावू नये.

कूलंट: झाकणापासून सुरुवात

गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. वरचा होज हाताला थंड लागेपर्यंत थांबा, मग जाड फडकं टाकून पहिल्या अडणीपर्यंतच फिरवा आणि उरलेला दाब जाऊ द्या.

झाकण म्हणजे नुसतं बूच नाही. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. सुमारे एक बार जादा दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या जवळ उकळतं. झाकणाची स्प्रिंग मरगळली की कूलंट लवकर उकळून कूलंटच्या राखीव बाटलीत आणि तिथून बाहेर जातं, बाकी कुठे थेंब नसतो. झाकणातला दुसरा छोटा व्हॉल्व्ह थंड होताना बाटलीतून कूलंट परत ओढतो. तो अडकला की सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसतो. रबर चिरलं असेल तर त्याच आकड्याचं नवं झाकण आणा. जास्त आकड्याचं ‘हेवी ड्यूटी’ झाकण जुन्या रेडिएटरवर लावलं तर सर्वांत कमकुवत जोड फुटेल.

मग प्रेशर टेस्ट. रेडिएटरवर हातपंप लावून झाकणावरच्या आकड्याइतकाच दाब भरायचा आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघायचा. थंड इंजिनावर ही तपासणी केली की फायदा असा, की गरम इंजिनावर पडताक्षणी वाळून जाणारे थेंब इथे दिसतात.

वॉटर बॉडीच्या (कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या) खाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की त्यातून कूलंट बाहेर येतं आणि हिरवट किंवा पांढरट खरपुडी जमते. ते भोक एम-सीलने बुजवणारे महाभाग आहेत. त्याने कूलंट बेअरिंगमध्ये शिरतं आणि पंप जाम होतो. बेल्ट काढून पुली हलवा, खेळ असेल तर पंप बदला. डस्टरच्या १.५ डीसीआयसारख्या इंजिनात हा पंप टायमिंग बेल्टवरच चालतो, म्हणून बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकत्रच बदलायचे.

होज दाबून बघा: टणक लागला, कुरकुरला किंवा टोकाशी फुगला असेल तर बदला. ऑइलने भिजून लिबलिबीत झालेलाही बदला. रेडिएटरच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला वरून प्लास्टिकची टाकी दुमडून बसवलेली असते. त्या दुमडीतून पाझर असेल किंवा प्लास्टिक तपकिरी होऊन चिरलं असेल, तर रेडिएटर बदलणं बरं. डागडुजी फार दिवस टिकत नाही.

हिटर आपल्याकडे फारसा कुणी लावत नाही, म्हणून त्याची गळती महिनोन्महिने कळत नाही. डाव्या बाजूचा गालिचा ओला, आत गोडसर वास आणि काचेवर आतून तेलकट धुकं ही त्याची खूण. ब्लॉकच्या बाजूला बसवलेले पत्र्याचे वेल्श प्लग आतून गंजतात, आणि याला कारण बहुतेक वेळा बोअरचं किंवा नळाचं पाणी.

बाहेर थेंब नाही, तरी बाटली रिकामी

इथे सगळे ‘हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलं’ म्हणतात. हेड उतरवण्याआधी पुरावा मागा. थंड इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांत वरचा होज दगडासारखा टणक होतो का? झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू केल्यावर सतत बुडबुडे येतात का? एक प्लग बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ आहे का? रेडिएटरच्या तोंडाशी लावायच्या टेस्टरमधलं निळं द्रव जळलेल्या वायूने पिवळं पडतं का? यांतल्या दोन गोष्टी जुळल्या तर हेड खोला.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला म्हणून घाबरू नका. पावसाळ्यात रोज दोन-चार किलोमीटरच्याच फेऱ्या होत असतील तर तो बाष्पाचा थर असतो. तासभर हायवेला गाडी चालवली की जातो. दांडीवरचं ऑइलच कॉफीसारखं झालं असेल तर प्रकरण गंभीर. ते इंजिन सुरूच करू नका.

डिझेलवाल्यांनी आणखी एक जागा बघायची. फियाटचं १२४८ सीसीचं १.३ मल्टिजेट आपल्याकडे रांजणगावला आणि मानेसरला बनायचं. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत ते आहे. त्याच्या ऑइल फिल्टरच्या हाउसिंगलाच पाण्यावर चालणारा ऑइल कूलर जोडलेला असतो. त्याचं सील किंवा आतली पट्टी गेली की बाटलीत तपकिरी साय दिसते, आणि हेड पॅकिंगवर नाव जातं. दोन्हींतला फरक दाबावरून कळतो. चालू इंजिनात ऑइलचा दाब कूलंटपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून ऑइल कूलंटमध्ये शिरतं. इंजिन बंद केल्यावर ऑइलचा दाब शून्यावर येतो, कूलंटचा मात्र काही वेळ टिकतो, तेव्हा थोडं उलटंही होतं. कूलंटमध्ये ऑइल आहे, पण बुडबुडे नाहीत आणि टेस्टरचं द्रव निळंच राहिलं, तर आधी कूलर तपासा. दुरुस्तीनंतर पूर्ण यंत्रणा डिटर्जंटयुक्त फ्लशने दोन-तीनदा धुवावी लागते आणि ऑइलने फुगलेले होज बदलावे लागतात. ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा जळलेला वायू थंड करणारा) असलेल्या डिझेलमध्ये तोही संशयितांच्या यादीत ठेवा.

हेड उतरलंच तर फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि सरळ पट्टीने वाक तपासा. मर्यादा बहुधा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते. त्यापुढे फेसिंग करून (हेड घासून सपाट करून) घ्या. कोनात आवळायचे बोल्ट ताणलेले असतात, ते नवेच घ्या. ब्लॉकमधली बोल्टची भोकं हवेने फुंकून कोरडी करा. तळाशी ऑइल साठलेलं असेल तर बोल्ट आवळताना त्या दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

कूलंट भरणं

रंगावर जाऊ नका, रंग कंपनीनुसार बदलतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रकाराचंच घ्या आणि दोन प्रकार मिसळू नका, गाळ बसतो. डब्यावर ‘रेडी टू यूज’ असेल तर पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिमिनरलाइज्ड पाण्यात निम्मं-निम्मं, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी चालतं. महाराष्ट्रात पाणी गोठत नाही म्हणून नुसतं पाणी चालेल, हा समज चुकीचा. कूलंट हवं ते गंज थांबवायला आणि उत्कलनबिंदू वाढवायला.

गाडीचं तोंड थोडं वर करा, हिटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा काढायचा स्क्रू असेल तर सैल करा आणि सावकाश ओता. इंजिन आयडलवर चालवून रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. हिटरमधून गरम हवा आली पाहिजे. पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा भरा.

हळद, स्टॉप-लीक आणि जाड ऑइल

रेडिएटर गळाला की हळद टाकायची ही ट्रकवाल्यांची जुनी युक्ती. ती बारीक छिद्रात फुगून बसते हे खरं, पण हिटर आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्यांनाही तेच घडतं. बाटलीतलं स्टॉप-लीकही याच जातीचं. आडरानात गाडी घरी आणायला वापरा, नंतर यंत्रणा धुवून खरी दुरुस्ती करा.

थर्मोस्टॅट काढून टाकणं हा त्याहून वाईट उपाय. इंजिन थंडच राहतं, जास्त पेट्रोल ओढतं, झिजतं, आणि गरम होण्याचं मूळ कारण झाकलं जातं.

ऑइलच्या बाबतीत, कडक सील थोडं मऊ करणारे घटक असलेली ऑइलं किंवा ॲडिटिव्ह मिळतात. नुसती ओल असेल तर हजार-दीड हजार किलोमीटरमध्ये फरक दिसू शकतो. फाटलेलं सील त्यांनी जुळत नाही. ५डब्ल्यू-३० जाडीच्या ऑइलच्या जागी थोडं जाड ५डब्ल्यू-४० चालतं का, हे मॅन्युअलच्या तक्त्यात बघा. २०डब्ल्यू-५० मात्र चेन टेन्शनर आणि हायड्रॉलिक लिफ्टर असलेल्या इंजिनात सकाळच्या थंड स्टार्टला वेळेवर पोहोचत नाही. सिंथेटिक टाकलं म्हणून गळती सुरू झाली असं वाटतं तेव्हा बहुधा एवढंच झालेलं असतं, की जुन्या गाळाने बुजलेली फट नव्या ऑइलने साफ केली.

घाटात काटा वर गेला तर

एसी बंद, हिटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात आणि पहिल्या सुरक्षित जागी बाजूला. बोनेटमधून वाफ येत असेल किंवा लाल दिवा लागला असेल तर इंजिन लगेच बंद करा. सगळं कूलंट गेल्यावर सेन्सर द्रवात नसतो, त्यामुळे काटा खालीसुद्धा येऊ शकतो. काटा खाली आला म्हणून पुढे निघू नका, आधी बाटली बघा. किमान अर्धा-पाऊण तास थांबा, तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका. बिसलेरीने काम चालवलं असेल तर घरी आल्यावर ते काढून योग्य कूलंट भरा. ऑइलच्या पिचकारीचं चित्र असलेला लाल दिवा लागला तर ‘पुढच्या पंपापर्यंत’ हा हिशेबच नाही, तिथेच इंजिन बंद.

दुरुस्तीनंतर १०० किलोमीटरला आणि पुन्हा ५०० ला थंड इंजिनावर दांडी आणि बाटली बघा, आणि त्या रात्री पुठ्ठा परत खाली सरकवा. काढलेलं ऑइल गटारात न ओतता डब्यात भरून गॅरेजला द्या, भंगारात त्याला भाव असतो.